लॅपटॉपच्या वरच्या ओळीत बटणं हवीत की टचची पट्टी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात दोन लॅपटॉप घ्यायचे आहेत, एक कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलीसाठी आणि दुसरा तुमच्या अकाउंट्सच्या कामासाठी. दुकानात एका महागड्या मॉडेलवर एस्केप आणि एफ१ ते एफ१२ ही बटणंच दिसली नाहीत. त्या जागी सपाट पट्टी आहे आणि तिच्यावर चिन्हं उजळतात. तुमचे मेहुणे म्हणतात, मोबाइलची बटणं गेली तशी हीही जाणार, लोकांचा विरोध निव्वळ सवयीचा आहे. मी बरीच वर्षं पुण्यात लॅपटॉप दुरुस्त करतो आणि छोट्या ऑफिसांना मशीन निवडून देतो. माझं उत्तर असं, की या दोन्ही कामांसाठी पट्टीवाला लॅपटॉप घेऊ नका. सवयीचा भाग त्यात थोडाच आहे. खरं कारण वेगळं आहे आणि ते जरा सविस्तर सांगतो.

बोट बटणावर टेकणं आणि बोटाने बटण दाबणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत. चांगल्या लॅपटॉपच्या बटणाखाली रबराचा लहानसा घुमट असतो. बटण साधारण एक ते दीड मिलिमीटर खाली जातं. सुरुवातीला घुमट विरोध करतो, मग एकदम बसतो, आणि साधारण त्याच क्षणी आतला संपर्क जुळतो. तो ‘बसल्याचा’ धक्का बोटाला कळतो, म्हणून अक्षर उमटलं का हे स्क्रीनवर तपासावं लागत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट दाबण्याच्या आधी घडते. बोट बटणांच्या कडा, त्यांच्यातल्या फटी, एफ आणि जे या अक्षरांच्या बटणांवरचे बारीक उंचवटे चाचपत जागेवर येतं आणि तिथे विसावतं. एवढं सगळं होईपर्यंत संगणकाला काहीही कळवलेलं नसतं. पेटी वाजवणाऱ्याची बोटं सूर लावण्याआधी पट्ट्यांवर येऊन थांबतात आणि त्याची नजर गायकाकडे असते, तसंच हे.

टचच्या पट्टीत ही सवड संपते. बोट टेकल्याने विद्युतभारात होणारा सूक्ष्म फरक ती मोजते. त्यामुळे टेकणं हाच हुकूम ठरतो. बोट शोधायला गेलं तरी हुकूम गेला, चुकून घासलं तरी गेला. मग हात सावध होतो, पट्टीपासून वर उचललेला राहतो आणि प्रत्येक वेळी डोळे खाली येतात. आकड्यांच्या ओळीवर किंवा बॅकस्पेसवर पटापट काम करणाऱ्याची बोटं वरच्या ओळीला सहज लागतात. खरी बटणं असताना त्या लागण्याने काही बिघडत नव्हतं.

आता मेहुण्यांचा मोबाइलचा मुद्दा. २००७ साली आयफोन आला तेव्हा बटणांशिवाय टाइप करता येणार नाही असं म्हणणारे पुष्कळ होते आणि ते चुकीचे ठरले, हे खरं. पण मोबाइलवर जिथे बोट आहे तिथेच नजर असते. कीबोर्ड आणि मजकूर एकाच काचेवर, दोन-तीन इंचांच्या अंतरात असतात. चुकलेलं अक्षर दुरुस्त करायला मागे सॉफ्टवेअर बसलेलं असतं. लॅपटॉपवर नजर समोर उभ्या स्क्रीनवर आणि हात खाली आडवे, अशी रचनाच आहे. एफ५ ऐवजी एफ६ लागला तर तो दुरुस्त करून देणारं सॉफ्टवेअरही नाही, कारण दोन्ही हुकूम तितकेच वैध. त्यामुळे मोबाइलचा दाखला इथे लागू पडत नाही.

शिवाय हा प्रयोग नवा नाही. मोठ्या कंपन्यांनी तो पुरेसा पैसा ओतून केला आहे आणि मागे घेतला आहे. लेनोव्होने २०१४ च्या थिंकपॅड एक्स१ कार्बनमध्ये वरची ओळ काढून उजळणारी टचची पट्टी बसवली. समोर ब्राउझर आहे, व्हिडिओ कॉल आहे की आणखी काही, त्यानुसार पट्टीवरची चिन्हं बदलायची. त्याच मॉडेलवर कॅप्स लॉकच्या जागी होम आणि एंड आणून ठेवले होते. थिंकपॅड घेणारा वर्ग दिवसभर टाइप करणारा. त्यांना हे मानवलं नाही आणि पुढच्याच वर्षी, २०१५ च्या मॉडेलवर, खरी बटणं परत आली. मायक्रोसॉफ्टचं उदाहरण तर संपूर्ण कीबोर्डचं आहे. २०१२ च्या सर्फेसबरोबर दोन कव्हर मिळायची: कापडासारख्या सपाट पृष्ठभागाचं टच कव्हर, ज्यातली बटणं हलतच नव्हती, आणि हलणाऱ्या बटणांचं टाइप कव्हर. पुढच्या वर्षी टच कव्हरची सुधारित आवृत्तीही निघाली. २०१४ च्या सर्फेस प्रो ३ बरोबर मात्र फक्त टाइप कव्हर उरलं.

सगळ्यात गाजलेला प्रयोग ॲपलचा. ऑक्टोबर २०१६ मध्ये मॅकबुक प्रोवर टच बार आला. २१७० बाय ६० पिक्सेलची ओएलईडी पट्टी, तिच्यासाठी स्वतंत्र टी१ चिप, शेजारी बोटाचा ठसा ओळखणारं बटण. मी या पट्टीला सरसकट वाईट म्हणणार नाही. व्हिडिओ एडिटिंगमध्ये टाइमलाइनवर पुढे-मागे सरकायला, आवाज किंवा उजेड हळूहळू कमी-जास्त करायला, रंग निवडायला ती चांगली होती. सरकवण्याच्या कामात बोट टेकलेलंच राहतं आणि परिणाम स्क्रीनवर सतत दिसत असतो, म्हणून तिथे टच शोभतो. पण एस्केपसारखं एका ठोक्याचं बटणही तिने गिळलं, आणि प्रोग्रामरांचा संताप तिथून सुरू झाला. विम नावाच्या एडिटरमध्ये काम करणारा माणूस दिवसातून असंख्य वेळा एस्केप मारतो. त्याला खाली पाहून चित्रावर बोट ठेवा म्हणणं म्हणजे त्याचा वेग काढून घेणं.

टच बार रुजला नाही याचं आणखी एक कारण आहे आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. ॲपलने तो मॅकबुक एअरवर कधी दिला नाही आणि डेस्कटॉपच्या मॅजिक कीबोर्डवरही दिला नाही. घरी किंवा ऑफिसात लॅपटॉप मोठ्या स्क्रीनला जोडून बाहेरचा कीबोर्ड वापरला की पट्टी हाताबाहेर गेली. सगळ्या मॅकवर नसलेल्या सोयीसाठी सॉफ्टवेअर बनवणारे किती मेहनत घेणार? वापरणाऱ्याच्या बोटांनाही सराव होईना, कारण ॲप बदललं की पट्टीवरच्या जागा बदलायच्या. बोटांची स्मरणशक्ती जागेवर चालते. काल जिथे ‘पाठवा’ होतं तिथे आज ‘ठळक’ असेल तर बोटं शिकणार काय? नोव्हेंबर २०१९ च्या १६ इंची मॉडेलवर ॲपलने एस्केपचं खरं बटण परत दिलं. ऑक्टोबर २०२१ च्या १४ आणि १६ इंची मॉडेलवरून टच बार पूर्ण काढला आणि त्या जागी एफची पूर्ण उंचीची बटणं बसवली. १३ इंची मॉडेलवर तो रेंगाळला, तेही ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झालं.

एवढं होऊनही डेलने २०२२ मध्ये एक्सपीएस १३ प्लसवर टचची ओळ आणली आणि २०२४ मध्ये ती एक्सपीएसच्या १३, १४ आणि १६ इंची मॉडेलवर दिली. तुम्ही दुकानात पाहिलेला लॅपटॉप याच जातीचा असावा. या ओळीत पडदा नसतो, ठरावीक चिन्हांमागे दिवे असतात. फंक्शनचं बटण दाबलं की आवाज-उजेडाच्या चिन्हांऐवजी एफचे आकडे उजळतात. म्हणजे लेनोव्हो आणि ॲपलच्या पट्टीचा मुख्य फायदा, कामानुसार बदलण्याचा, तोही इथे नाही. जागा ठरलेल्या, चिन्हं ठरलेली, मग बटणंच का नकोत? याचं उत्तर मला दिसण्यापलीकडे फारसं सापडत नाही: सलग, फटीविना, नितळ पृष्ठभाग. शोरूममध्ये तो उठून दिसतो, यात शंका नाही. २०२६ च्या जानेवारीत डेलने एक्सपीएस १४ आणि १६ नव्याने आणले तेव्हा वरच्या ओळीत खरी बटणं परत बसवली.

यावर मला नेहमी विचारलं जातं, मग ट्रॅकपॅडचं काय? रास्त प्रश्न आहे. २०१५ पासून ॲपलच्या बऱ्याच लॅपटॉपचे ट्रॅकपॅड मुळीच खाली जात नाहीत. काच जागची हलत नाही, खालची मोटर बारीक ठोका देते आणि बोटाला वाटतं की क्लिक झालं. लॅपटॉप बंद करून दाबून पाहिला की काच मख्ख असते, तेव्हा लोक चकित होतात. हा बदल लोकांनी बिनतक्रार स्वीकारला, कारण तिथे टेकणं आणि दाबणं वेगळंच राहिलं. बोट टेकून फिरवलं तर बाण हलतो, कोणताही हुकूम जात नाही. ठरावीक जोर दिला तरच क्लिक होतं, कारण खाली दाब मोजणारे सेन्सर आहेत. कॅनडाचे संशोधक बिल बक्सटन यांनी १९९० मध्ये संगणकाला सूचना देणाऱ्या साधनांच्या तीन अवस्था मांडल्या होत्या: साधन हाताच्या कक्षेबाहेर असणं, नुसता माग घेणं, आणि प्रत्यक्ष ओढणं. माउसला मधली अवस्था आहे. साध्या टचला ती नाही, बोट दूर असतं किंवा थेट हुकूम देत असतं. लॅपटॉपच्या पट्टीचं सगळं दुखणं या हरवलेल्या मधल्या अवस्थेत आहे. उद्या कुणी दाब मोजणारी, ठोका देणारी आणि बोटाला जाणवतील अशा खाचा असलेली पट्टी बनवली तर मी ती मोकळ्या मनाने वापरून पाहीन. हलणाऱ्या प्लास्टिकवर माझा जीव नाही.

तुमच्या अकाउंट्सच्या कामाकडे येतो, कारण मला सर्वांत जास्त काळजी त्याची वाटते. टॅलीवर बसणाऱ्या माणसाचा हात पाहिलात तर सगळं कळेल. एफ४ ला कॉन्ट्रा, एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल, एफ८ सेल्स, एफ९ पर्चेस, तारीख बदलायला एफ२, मागे यायला एस्केप. डाव्या हाताखाली बिलांचा गठ्ठा, नजर बिलावरच्या आकड्यावर, उजवा हात आकड्यांवर. सराईत अकाउंटंट स्क्रीनकडेही कमीच पाहतो, कीबोर्डकडे तर नाहीच. एफ८ आणि एफ९ शेजारी आहेत. एक विक्री, दुसरी खरेदी. खऱ्या बटणांवर बऱ्याच कीबोर्डना चार-चारांच्या गटांनंतर थोडी जास्त फट असते, त्या फटीवरून बोट ओळखतं की इथे एफ८ संपला. सपाट पट्टीवर ती खूण नाही. आणि एस्केपला चुकून बोट घासलं की अर्ध्यावर आलेलं व्हाउचर सोडून बाहेर पडायचं का असं टॅली विचारतं, दर वेळी नकार देऊन परत यावं लागतं. मार्चअखेरीला किंवा जीएसटी रिटर्नच्या आदल्या रात्री हे कुणाच्याही वाट्याला येऊ नये. एक्सेलमध्येही तेच: सेल दुरुस्त करायला एफ२, सूत्रातला संदर्भ पक्का करायला एफ४. ही बटणं ‘जुनी, कुणी वापरत नाही’ असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा एखाद्या सीएच्या ऑफिसात दिवसभर बसावं.

दृष्टिहीन वापरकर्त्यांचा विषय मी तळटीप म्हणून कधीच सोडत नाही. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, आपल्याकडे अनेक अंध विद्यार्थी आणि कर्मचारी वापरतात. त्यात इन्सर्ट किंवा कॅप्स लॉक धरून एफ७ दाबला की पानावरच्या लिंकांची यादी मिळते, एफ१२ दाबला की वेळ ऐकू येते. त्यांच्यासाठी वरची ओळ म्हणजे रोजचा जिना आहे. तो चाचपता येत नसेल तर लॅपटॉप कितीही वेगवान असला तरी त्यांच्या कामाचा नाही. इथे ॲपलने केलेली सोय पाहण्यासारखी आहे. व्हॉइसओव्हर हा मॅकमधला स्क्रीन रीडर चालू असेल तर टच बारवर बोट फिरवलं की चिन्हाचं नाव उच्चारलं जायचं आणि दोनदा टॅप केल्यावरच हुकूम जायचा. शोधणं आणि हुकूम देणं सॉफ्टवेअरने पुन्हा वेगळं केलं. जी गोष्ट साध्या बटणात आपोआप होती ती परत मिळवायला एवढा खटाटोप लागला, आणि तरीही वेग कमीच.

दुरुस्तीच्या टेबलावरून आणखी थोडं. टचची कुठलीही पट्टी विजेच्या दर्जावर अवलंबून असते. आपल्याकडे कित्येक घरांत तीन पिनचं सॉकेट असतं पण अर्थिंग नावालाच, किंवा चार्जर दोन पिनच्या अडॅप्टरमधून लावलेला असतो. धातूच्या बॉडीच्या लॅपटॉपला चार्जिंगच्या वेळी हात लावला की झिणझिण्या येतात, ते त्यामुळेच. तीच गळती टचच्या मोजणीत गोंधळ घालते. बॅटरीवर नीट चालणारा टच चार्जर लावताच भरकटतो. ग्राहक पट्टी खराब झाली म्हणून मशीन घेऊन येतो, आणि दोष भिंतीतल्या वायरमध्ये असतो. पावसाळ्यात कोकणातून येणाऱ्या ग्राहकांचं दमट हवेचं आणि घामट बोटांचं रडगाणं वेगळं. ओलसर बोटाने टचची मोजणी बिघडते, बटण मात्र ओल्या बोटानेही दबतं. दुरुस्तीचं गणितही पाहा. एखाद्या बटणाची टोपी निघाली तर बहुतेक वेळा तेवढीच बदलता येते, आणि एखादं बटण मेलं तरी बाकीची चालतात. पट्टीची एक बारीक रिबन वायर तुटली की एस्केपपासून आवाजापर्यंत सगळी ओळ एकदम जाते.

टचच्या बाजूचा एक मुद्दा माझ्या मनाला खरोखर भिडतो आणि तो मराठीचा आहे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक लॅपटॉपांवर फक्त रोमन अक्षरं असतात. बटणाच्या जागी पडदा असेल तर मराठी निवडताच देवनागरी अक्षरं दिसू शकतील, असं एका शिक्षिकेने मला विचारलं होतं. शिकण्याच्या पहिल्या काही आठवड्यांत याचा उपयोग होईल, हे मान्य. पण इन्स्क्रिप्टची, म्हणजे देवनागरी कीबोर्डची प्रमाण मांडणी न पाहता टाइप करण्यासाठीच केलेली आहे: डाव्या हाताकडे स्वर आणि मात्रा, उजव्या हाताकडे व्यंजनं. एफ आणि जे वरच्या उंचवट्यांवर इन्स्क्रिप्टमध्ये ऱ्हस्व इकार आणि ‘र’ येतात. तिथे बोटं ठेवून जीसीसी-टीबीसी या सरकारी टायपिंग परीक्षेसाठी मिनिटाला ३० किंवा ४० शब्दांचा सराव करणारी मुलं मी पाहतो. त्यांचा वेग त्या दोन उंचवट्यांवर उभा आहे. सपाट काचेवर अक्षर दिसेल, पण हात जागेवर आहे का ते कळणार नाही. अक्षर दिसणं आणि बटण हलणं या दोन्ही गोष्टी एकत्र आणता येतात. रशियातल्या आर्ट लेबेदेव स्टुडिओने २००८ मध्ये प्रत्येक बटणात छोटा ओएलईडी पडदा असलेला ऑप्टिमस मॅक्सिमस कीबोर्ड विकला होता. तो भयंकर महाग होता आणि चालला नाही, पण दिशा मला ती जास्त योग्य वाटते. तोवर देवनागरीचे स्टिकर स्वस्तात मिळतात.

लॅपटॉपच्या बाहेरही हाच अनुभव जमा होतो आहे. २१ ऑगस्ट २०१७ ला अमेरिकन नौदलाची जॉन एस. मॅकेन ही युद्धनौका सिंगापूरजवळ तेलवाहू जहाजावर आदळली आणि १० नौसैनिक मृत्युमुखी पडले. अपुऱ्या प्रशिक्षणासह अनेक कारणं पुढे आली, त्यांत टचस्क्रीनवरच्या सुकाणू आणि वेगाच्या नियंत्रणाचा गोंधळही होता. २०१९ मध्ये नौदलाने वेगासाठी हाताने हलवायचे दांडे परत आणायचं ठरवलं. युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या मूलभूत गोष्टींसाठी खरी बटणं किंवा दांडे असल्याशिवाय पूर्ण गुण द्यायचे नाहीत असं धोरण घेतलं आहे.

दुकानात गेल्यावर काय करायचं तेवढं सांगतो. लॅपटॉप सुरू करून नोटपॅड उघडा, डोळे मिटा आणि एस्केप, एफ५, डिलीट ही बटणं शोधा. मग आकड्यांच्या ओळीवर नेहमीच्या वेगाने एखादं बिल टाइप करा आणि बोटं वर लागून काही भलतं होतं का ते पाहा. लॅपटॉप दारापाशी उजेडात नेऊन चिन्हं वाचता येतात का ते बघा. चार्जर लावून हेच सगळं पुन्हा करा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. आणि खरी बटणं असलेल्या लॅपटॉपवरही फंक्शन लॉक तपासा, कारण पुष्कळ मॉडेलवर एफ५ थेट दाबला तर टॅलीचं पेमेंट उघडण्याऐवजी स्क्रीनचा उजेड किंवा आवाज बदलतो. बहुतेक ठिकाणी फंक्शन आणि एस्केप एकत्र दाबून हे बदलता येतं, काही मॉडेलवर बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये, जावं लागतं. अकाउंट्ससाठी घेताना उजवीकडे आकड्यांचा वेगळा गट असलेला, १५ किंवा १६ इंची लॅपटॉप पाहा. त्यात वरच्या ओळीलाही ऐसपैस जागा मिळते.

मुलीला तोच पट्टीवाला लॅपटॉप आवडला असेल आणि वजन, स्क्रीन, बॅटरी या बाजूंनी तो खरोखर सरस असेल, तर हट्टाने नको म्हणू नका. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचं मोफत पॉवरटॉइज उतरवून कॅप्स लॉकला एस्केपचं काम द्या. मॅकवर हीच सोय सेटिंगमध्ये, कीबोर्डच्या मॉडिफायर बटणांच्या यादीत आहे. डीबगिंगसाठी, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका शोधायला, एफ५, एफ१०, एफ११ सारखे लागतात, ते एडिटरमध्ये दुसऱ्या बटणांवर नेता येतात. हॉस्टेलच्या टेबलावर ठेवायला एक साधा यूएसबी कीबोर्ड घेऊन द्या, आणि चार्जर तीन पिनच्याच, अर्थिंग तपासलेल्या सॉकेटला लावायला सांगा.